२८ मिलिमीटरचे सरदार: मध्ययुगीन मिनिएचर घडवणं, ओतणं आणि त्यांच्यासाठी क्राउडफंडिंग

स्कर्मिश वॉरगेमिंगला, म्हणजे टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायच्या चकमकींच्या खेळाला, मोठी फौज लागत नाही. चार फूट बाय चार फुटांचं टेबल, दोन-चार घरं, एखादी पडकी भिंत आणि दोन्ही बाजूंना मिळून सत्तर-ऐंशी मिनी (मिनिएचर मूर्ती) एवढ्यावर सबंध संध्याकाळ रंगते. त्यामुळे एकटा शिल्पकार किंवा दोघा-तिघांचा गटसुद्धा स्वतःची मालिका काढायचं धाडस करू शकतो. मात्र भाल्याचा दांडा किती जाड ठेवायचा हे शिल्पकार ठरवतो तेव्हा तो ओतकामाचा खर्च, पाकिटाचं वजन आणि क्राउडफंडिंगच्या, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करण्याच्या, मोहिमेचं उद्दिष्टही नकळत ठरवत असतो. म्हणून घडवणं आणि हिशेब या दोन गोष्टी इथे एकत्रच घेतल्या आहेत. उदाहरण एकाच युद्धाचं आहे: इंग्लंडचा राजा जॉन आणि त्याचे बंडखोर सरदार यांच्यातलं १२१५ ते १२१७ चं पहिलं बॅरन्स वॉर.

काळ अरुंद ठेवा

‘मध्ययुगीन सैनिक’ या नावाने मालिका काढली की ती कोणाचीच राहत नाही. मध्ययुग हजार वर्षांचं आहे आणि ऐतिहासिक खेळ खेळणारा माणूस शिरस्त्राणाकडे एक नजर टाकून दशक ओळखतो. १२१५ निवडलं की काय घडवायचं ते बरंचसं आपोआप ठरतं: कड्यांचं बख्तर, त्यावर कापडी झगा, पायांतही कड्यांचे मोजे, गरिबाच्या अंगावर गोधडीसारखा जाड शिवलेला अंगरखा. डोक्यावर नाकपट्टीचं शिरस्त्राण, रुंद काठाची लोखंडी टोपी, किंवा श्रीमंताचं नवं, सपाट माथ्याचं, चेहरा झाकणारं शिरस्त्राण. ढाल खाली निमुळती आणि अजून बरीच लांब.

संदर्भासाठी चित्रपट पाहू नका. त्या काळातल्या वस्तू पाहा. बंडखोरांचा म्होरक्या रॉबर्ट फिट्झवॉल्टर याच्या मोहरेचा चांदीचा ठसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर चेहरा झाकणारं शिरस्त्राण आणि झूल घातलेला घोडा दोन्ही स्पष्ट दिसतात. सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये राजा जॉनचा सावत्र भाऊ विल्यम लाँगस्पी याचं थडगं आहे (मृत्यू १२२६). तिथल्या कोरीव पुतळ्यावर बख्तर, झगा आणि सहा सिंहांची ढाल बारकाईने पाहता येते. लंडनच्या टेंपल चर्चमधल्या पुतळ्यांचं १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात बरंच नुकसान झालं, त्यामुळे त्यांच्या जोडीला त्याआधीची रेखाटनं शोधावीत. मॉर्गन बायबल या सचित्र हस्तलिखिताची चित्रं सगळेच वापरतात, पण ती १२४० च्या दशकाच्या आसपासची आहेत. तंबू, गाड्या, अवजारं आणि कामकऱ्यांचे कपडे तिथून घ्या. शिरस्त्राणं घेताना मधे दोन-तीन दशकं गेली आहेत हे विसरू नका.

हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली, गुडघ्यांवर आणि दंडांवर पोलादी पत्र्याचं चिलखत. ते नंतरचं आहे. दुसरी, फिरकीच्या यंत्राने ताणायचा क्रॉसबो (लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य). १२१५ चा माणूस क्रॉसबोच्या पुढच्या टोकाच्या रिकिबीत पाय रोवून, कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या आकड्याने दोरी ओढतो. ही पोझ मिनीवर सुंदरही दिसते. तिसरी चूक म्हणजे हत्तीएवढे घोडे. त्याकडे पुढे येऊ.

कोण, किती, कशासाठी

शिल्पाला हात लावण्याआधी यादी करा. ती आवडीवरून करायची नाही. लोक ज्या नियमांनी खेळतात त्यांतल्या तुकड्यांच्या आकारावरून करायची. ‘सागा’मध्ये एका गुणाला ४ निवडक योद्धे, ८ साधे योद्धे किंवा १२ शेतकरी-सैनिक मिळतात. ‘लायन रॅम्पंट’मध्ये तुकडी ६ किंवा १२ जणांची असते. म्हणजे चारचं पाकीट बऱ्याच गरजा भागवतं: एक पाकीट सरदारांचं, दोन भालेकऱ्यांची, तीन तिरंदाजांची. बाराच्या तुकडीलाही तीन पाकिटं बरोबर पुरतात. सहाची तुकडी मात्र अडते. तिथे दोन पाकिटं घेऊन दोन मिनी उरतात आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. ती कुरकुर ऐकून घ्या, पाच आणि सहाची पाकिटं काढण्याच्या भानगडीत पडू नका. पाकिटांचे प्रकार वाढले की पाठवणीच्या वेळी चुका वाढतात.

सुरुवातीच्या मोहिमेला पुरेल असा संच: १ म्होरक्या, ४ पायदळी सरदार, ८ भालेकरी, १२ क्रॉसबोवाले किंवा तिरंदाज. एकूण २५. क्रॉसबोवाल्यांना कमी लेखू नका. २० मे १२१७ ला इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या गल्ल्यांमध्ये राजपक्षाचे साधारण चारशे सरदार लढले आणि त्यांच्याबरोबर तीनशेहून जास्त क्रॉसबोवाले होते. किल्ल्याच्या बाजूने आत शिरलेल्या राजपक्षाच्या फॉक्स द ब्रोतेच्या माणसांनी उंचावरून बंडखोरांचे घोडे टिपले. धनुर्धारी हवेत तर केंटच्या जंगलात, बंडखोरांच्या मदतीला आलेल्या फ्रेंचांना हैराण करणाऱ्या विल्यम ऑफ कॅसिंगहॅमच्या टोळीचं निमित्त आयतंच आहे.

नावाजलेल्या व्यक्तींची पाकिटं मालिकेला ओळख देतात. राजपक्षाचा सत्तरीचा सेनानी विल्यम मार्शल लिंकनला शिरस्त्राण न घालताच निघाला होता आणि कोणीतरी आठवण करून दिली, असं त्याच्या चरित्रकाव्यात येतं. एवढ्या एका प्रसंगासाठी त्याला दोन सुटी डोकी द्यावीत. लिंकनचा किल्ला लढवणारी निकोला द ला हे वगळली तर जाणकार ते लगेच बोलून दाखवतील.

२८ मिलिमीटर म्हणजे किती

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडलेल्या माणसाला मापाचा गोंधळ वेगळा समजावून सांगायला नको. तिथे महाराज बुरुजाएवढे असतात आणि तोफेपेक्षा तोफेवरचा माणूस लहान. वॉरगेमिंगमध्ये हे चालत नाही, कारण खेळणारा तुमचे मिनी दुसऱ्या चार कंपन्यांच्या मिनींच्या शेजारी उभे करणार असतो.

२८ मिलिमीटर हे माप बहुतेक ऐतिहासिक शिल्पकार तळपायापासून डोळ्यांपर्यंत घेतात. १:५६ हे प्रमाण धरलं तर १६८ सेंटिमीटरचा माणूस डोक्यापर्यंत ३० मिलिमीटर येतो आणि डोळे २८ वर पडतात. हे गणित कागदावर लिहा आणि पहिला मिनी थ्रीडी प्रिंटरवर छापला की कॅलिपरने मोजा. ‘हिरोइक’ म्हणतात त्या शैलीत उंची तीच ठेवून डोकी, हात आणि शस्त्रं फुगवतात. खरं डोकं या प्रमाणात ४ मिलिमीटरच्या आसपास भरतं, हिरोइकमध्ये ते ५ पर्यंत जातं. पूर्ण खरं प्रमाण ठेवलं तर हात फाटक्या काड्यांसारखे दिसतात आणि रंगवायला जागा उरत नाही. फार फुगवलं तर मिनी बुटका वाटतो. डोकं साडेचार मिलिमीटरच्या आसपास, पंजे थोडे मोठे, उंची मापात, हा मध्यम मार्ग आम्ही सुचवू. काहीही ठरवा, पण पंचविसांपैकी एकही मूर्ती त्यातून सुटू देऊ नका. दोन शिल्पकार असतील तर दोघांना मापाचा एकच नग्न सांगाडा द्या आणि त्यावरूनच काम सुरू करायला सांगा.

घोड्याचंही असंच. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन घोड्यांच्या हाडांच्या अभ्यासातून दिसतं की युद्धाच्या काळातले बरेच घोडे आजच्या पोनीच्या उंचीचे, १४८ सेंटिमीटरपेक्षा कमी होते. १:५६ मध्ये हे खांद्यापाशी २६ मिलिमीटरच्या आसपास येतं. बाजारातले अनेक घोडे याहून बरेच उंच असतात. झूल घातली की पायांचं शिल्प वाचतं, पण धातू वाढतो. पहिल्या मोहिमेत घोडदळ न घेणं शहाणपणाचं.

शिल्प करताना साचा डोळ्यांसमोर हवा

या टप्प्यावर घाई करू नका. पुढचे बहुतेक खर्च इथेच वाढतात.

धातूचे मिनी फिरत्या गोल रबरी साच्यात ओततात. साचा दोन तबकड्यांचा असतो आणि मूर्ती त्यांच्या मधे दबलेली असते. म्हणजे प्रत्येक मूर्तीला पुढची बाजू आणि मागची बाजू आहे. दोन्ही बाजूंना रबर सरळ वर निघालं पाहिजे. हात छातीसमोर आडवा आणि मधे पोकळी असेल तर त्या पोकळीत रबर अडकतं. रबर लवचीक असल्यामुळे थोडं चालतं, पण पन्नासेक ओतण्यांत ती जीभ फाटते आणि मग प्रत्येक मिनीच्या काखेत धातूचा गोळा येतो. पोझ शक्यतो एका पातळीत पसरलेली ठेवा: भाला शरीराच्या बाजूला, ढाल पुढे न आणता बाजूला, डोकं थोडं वळलेलं. ढाल सुटी ठेवा. सुटी ढाल सपाट ओतली जाते, रंगवायला सोपी जाते आणि लोक आपल्या आवडीच्या सरदाराची चिन्हं लावू शकतात. ढालीवर सिंह कोरून टाकलात तर तो मिनी एकाच माणसाचा होऊन बसतो. ढालीचा बाक हलका ठेवा, नाहीतर पाण्यात भिजवून लावायची स्टिकरं कडेला सुरकुततात.

जाडीचं गणित बघा. ३ सेंटिमीटर जाडीचा भाल्याचा दांडा १:५६ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर येतो. टिनच्या मिश्रधातूत तो पाकिटातच वाकतो. म्हणून भालेकऱ्याची मूठ बंद आणि पोकळ न करता भरीव ठेवा. मधे फक्त खूण करा आणि पितळी किंवा पोलादी तारेचा भाला वेगळा द्या. एक मिलिमीटरच्या आसपासची तार आणि तेवढंच भोक पाडायचं ड्रिल, असं पाकिटावर स्पष्ट लिहा. तलवारीची पात धातूसाठी कडेला पाऊण ते एक मिलिमीटर ठेवा. छापायच्या रेझिनला अर्धा मिलिमीटर चालतो, पण टिकत नाही. बख्तराच्या कड्या खऱ्या प्रमाणात घ्यायच्या तर त्या पाव मिलिमीटरच्याही खाली जातात आणि रंगाच्या पहिल्या हातात गायब होतात. ओळी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या करा आणि ओळीआड दिशा बदला. खोलीही पुरेशी हवी, कारण साच्याच्या प्रत्येक पिढीत (मूर्तीवरून साचा आणि त्यातून नवी मूर्ती, अशा प्रत्येक फेरीत) ती कमी होते.

हाताने घडवणाऱ्यांसाठी: निळ्या-पिवळ्या इपॉक्सी पुट्टीचा गोळा समान भागांत मळा, तारेच्या सांगाड्यावर आधी पातळ थर चढवून कडक होऊ द्या, मग स्नायू आणि कपडे. सगळं एकाच बैठकीत करायला गेलात तर बोटांनी खालचा थर चेपतो. तासा-दीड तासात पुट्टी हाताळायला घट्ट होते, पूर्ण कडक व्हायला एक दिवस द्या. संगणकावर घडवणाऱ्यांनी झेडब्रश किंवा ब्लेंडर कोणतंही घ्यावं. त्यांचा धोका निराळा. पडद्यावर मूर्ती हातभर मोठी दिसते, मग डोळ्यांच्या कडा आणि बुटांचे टाकेही कोरले जातात, आणि प्रत्यक्षात त्यातलं काही उमटत नाही. दर तासाला मूर्ती पडद्यावर ३० मिलिमीटर करून पाहा. जे दिसत नाही ते पुसा किंवा मोठं करा.

मास्टर आणि साचे

छापलेली रेझिनची मूर्ती थेट उत्पादनाच्या साच्यात घालू नका. काळ्या रबराचा साचा दाबाखाली साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजतात, आणि साधं रेझिन त्यात तडकतं. उष्णतेला टिकणारं खास रेझिन मिळतं, पण ते ओतकाम करणाऱ्याला आधी विचारूनच घ्या. नेहमीचा रस्ता असा: मूर्ती ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरच्या थरांनी छापायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलात नीट धुऊन प्रकाशात पूर्ण पक्की करायची, थरांच्या रेघा आणि छपाईत मूर्तीला लावलेल्या आधारांचे डाग घासून काढायचे. मग खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या सिलिकोनात पहिला साचा घ्यायचा, त्यात धातूचे मास्टर, म्हणजे साचा घ्यायच्या मूळ मूर्ती, ओतायचे आणि ते साफ करून त्यांच्यावरून उत्पादनाचा साचा बनवायचा.

सिलिकोनात एक सापळा आहे. प्लॅटिनम पद्धतीचं सिलिकोन अर्धवट पक्क्या रेझिनला लागलं की तिथे घट्टच होत नाही. मूर्तीभोवती चिकट साय राहते आणि साचा वाया जातो. गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेनेही असंच होतं. टिन पद्धतीचं सिलिकोन या बाबतीत सोशीक आहे, पण कालांतराने जास्त आकसतं.

आकसणं हा दुसरा मुद्दा. प्रत्येक पिढीत एक ते तीन टक्के जातात. दोन पिढ्या धरून मास्टर १०३ ते १०५ टक्क्यांना छापावा, पण आकडा ठरवायला ओतकाम करणाऱ्याकडून एक चाचणी मूर्ती ओतून मोजा. धातू ३० मिलिमीटर हवा आणि मास्टरही ३० मिलिमीटरचाच छापला, तर मालिका साडेअठ्ठावीसची निघते आणि ‘तुमचे सैनिक माझ्यांपेक्षा ठेंगणे का’ असं विचारणारे संदेश येत राहतात.

साच्यात कोण कोणाशेजारी बसणार हे तुम्ही ठरवा, कारखान्यावर सोडू नका. एकाच साच्यात राजा आणि अकरा भालेकरी ठेवलेत तर दर फेरीला एक राजा निघेल. भालेकरी संपले की राजांचा ढीग उरेल. जे एकत्र विकायचं ते एकाच साच्यात ठेवा: चार क्रॉसबोवाले, त्यांचे तीन-तीन ठसे. व्यक्तिरेखांचा साचा वेगळा.

ओतकामाची तक्रार ओळखायलाही शिका. तलवारीचं टोक अर्धवट असेल तर साचा थंड आहे किंवा त्या टोकापासून हवा जायला वाट नाही. मधल्या रेषेवर धातूचं पातळ पापुद्र्यासारखं पान आलं असेल तर धातू फार गरम, फिरकी फार वेगात किंवा दाब कमी. जाड झग्याच्या पाठीत खड्डा पडला असेल तर तो आकसण्याचा खड्डा आहे. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी, आणि शेवटच्याला धातू कमी पडतो. हे शिल्पातच सोडवा: झगा आतून थोडा पोकळ ठेवा. पहिल्या काही फेऱ्यांचे मिनी परत वितळवायचेच असतात, ते मोजणीत धरू नका. धातू शिसेविरहित घ्या. किंमत जास्त पडते, पण पाठवताना आणि विकताना त्यावरून प्रश्न उभे राहत नाहीत.

फक्त फाइल विकायची असेल तर

थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या मूर्तींच्या एसटीएल फाइलींची मोहीम स्वस्त, वजनविरहित आणि साच्याच्या बंधनांतून मोकळी असते. पण मेहनत दुसरीकडे जाते. प्रत्येक मूर्ती आधार लावून, निदान दोन वेगवेगळ्या छपाईयंत्रांवर छापून पाहायची. आधार झग्याच्या आतल्या बाजूला, चेहऱ्यावर कधीच नाही. मूर्ती ३० ते ४५ अंशांत मागे कललेली. आधारांसह आणि आधारांशिवाय अशा दोन्ही फाइली द्या. आणि परवान्यात दोन ओळी सोप्या भाषेत लिहा: घरी हव्या तितक्या छापा, विकायला छापायच्या असतील तर वेगळा परवाना. फाइली चोरल्या जाणार हे गृहीत धरा, त्यावर झोप घालवू नका.

हिशेब

आता धातूच्या मोहिमेचा हिशेब मांडू. खालचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी मानलेले आहेत, तुमचे दर तुम्ही भरा. मोहीम ब्रिटनमधून किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर चालवायची असं धरलं आहे.

एकदाच होणारा खर्च: २५ शिल्पं, प्रत्येकी १२० पाउंड, म्हणजे ३,०००. मास्टर आणि साचे १,२००. दाखवण्यासाठी १२ मिनी रंगवून घेणं ३००. फोटो आणि पान २००. बेरीज ४,७००. त्यावर १५ टक्के अडीअडचणीला, ७०५. एकूण ५,४०५ पाउंड. शिल्प तुम्हीच करत असलात तरी ३,००० धरा. स्वतःची मजुरी शून्य लिहिणारा माणूस दुसरी मोहीम काढत नाही.

दर बॅकरमागे (मोहिमेत पैसे लावणाऱ्या गिऱ्हाइकामागे): संचाची किंमत ५५ पाउंड, टपाल वेगळं. २५ मिनींचं ओतकाम प्रत्येकी ६० पेन्स, १५ पाउंड. मिनी चिकटवायचे प्लास्टिकचे बेस, पिशव्या, खोका २.५०. किकस्टार्टरचे ५ टक्के, पैसे वळते करणाऱ्याचे ३ टक्के आणि वर २० पेन्स, मिळून ४.६०. सदोष मालाच्या बदलीसाठी ५० पेन्स. खर्च २२.६०, हाती ३२.४०.

५,४०५ भागिले ३२.४० म्हणजे १६७ बॅकर, म्हणजेच उद्दिष्ट ९,१८५ पाउंड. याखाली उद्दिष्ट लावलंत तर ‘यशस्वी’ मोहिमेतही खिशातून भर घालावी लागेल. उद्दिष्ट मुद्दाम हजार-दीड हजार ठेवून ‘पाच मिनिटांत पूर्ण’ अशी पाटी लावायची पद्धत आहे. ज्याच्याकडे बाकीचे पैसे आधीच आहेत त्यालाच ती परवडते.

व्हॅट लागू असेल तर चित्र बदलतं. ब्रिटनमध्ये २० टक्के व्हॅट ५५ पाउंडांतच धरला तर त्यातले ९.१७ सरकारचे. हाती राहतात २३.२३, आणि तोच खर्च भरून काढायला २३३ बॅकर लागतात. वर्षाची उलाढाल ९०,००० पाउंडांपेक्षा कमी असेल तर ब्रिटनमध्ये नोंदणी सक्तीची नाही, पण मोहीम अचानक चालली तर ती मर्यादा एका महिन्यात ओलांडली जाते.

आता स्ट्रेच गोल, म्हणजे उद्दिष्टाच्या पुढे ठरावीक रक्कम जमली की द्यायच्या जादा वस्तू. समजा दर १,००० पाउंडांना एक मोफत मिनी जाहीर केला आणि शेवटी ३०० बॅकर झाले. त्या मिनीचं शिल्प १२०, साच्यात त्याचा वाटा ५०, ३०० नगांचं ओतकाम १८०: एकूण ३५०. त्या १,००० पाउंडांत १८ बॅकर आले, त्यांतून हाती ५८३. व्हॅट असेल तर ४१८. म्हणजे मिळालेल्यातला मोठा हिस्सा परत गेला, आणि पाकीट जड झालं ते वेगळंच. एक पायदळी मिनी साधारण १७ ग्रॅमचा धरला तर मूळ संचाचा धातू ४२५ ग्रॅम, बेस आणि खोका मिळून ५५० ते ६००. ब्रिटनमध्ये टपालाच्या ‘लार्ज लेटर’ या स्वस्त वर्गाची मर्यादा ७५० ग्रॅम आणि २५ मिलिमीटर जाडी आहे. दहा मोफत मिनी चढवले की वजनाची मर्यादा हुकते, जाडीची त्याआधीच, आणि सगळं पार्सलच्या दरात जातं. म्हणून स्ट्रेच गोल म्हणून सुट्या डोक्यांचा संच, ढालींची स्टिकरं किंवा आधीच घडवलेल्या मूर्तीचं वेगळं शस्त्र द्या. नवे मिनी जरूर काढा, पण ते वेगळे पैसे देऊन घ्यायची वस्तू म्हणून.

मोहिमेचं पान

पान उघडण्याआधी सगळी शिल्पं पूर्ण असावीत, निदान तीन चतुर्थांश धातूत ओतलेली. चित्रांवर पैसे गोळा करून नंतर घडवायला बसणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी खोड आहे, आणि उशिराचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं.

पहिल्या फोटोत रंगवलेले खरे धातूचे मिनी, साध्या पार्श्वभूमीवर. संगणकावरचं गुळगुळीत चित्र खाली टाका आणि त्यावर तसं लिहा. एक फोटो रंग न दिलेल्या धातूचा, मागच्या बाजूसह. एक फोटो पट्टीशेजारी. आणि एक फोटो दुसऱ्या दोन-तीन कंपन्यांच्या मिनींशेजारी, कारण ऐतिहासिक गिऱ्हाईक पैसे देण्याआधी हाच फोटो शोधतं.

प्लेजचे, म्हणजे पैसे लावायचे, पर्याय चार पुरेत: एक पाकीट, एक टोळी, दोन टोळ्या, दुकानदारांसाठी एक. किकस्टार्टर जास्तीत जास्त ६० दिवस देतं, तेवढे घेऊ नका. पैसे पहिल्या दोन-तीन दिवसांत आणि शेवटच्या ४८ तासांत येतात, मधली शांतता लांबवून फायदा नाही. दोन ते तीन आठवडे ठीक. मोहीम सुरू होण्याआधीचं पान महिना-दोन महिने उघडं ठेवून लोकांना आठवणीचं बटण दाबू द्या. उद्दिष्टाच्या चौथ्या हिश्श्याइतकेही बॅकर त्यातून दिसत नसतील तर तारीख पुढे ढकला.

मोहीम संपल्यावर काही कार्डं नाकारली जातात, आणि पैसे हाती यायला सुमारे दोन आठवडे लागतात. ओतकामाची आगाऊ रक्कम त्या हिशेबाने ठरवा. डिलिव्हरीचा महिना जाहीर करताना कारखान्याने सांगितलेल्या मुदतीत दोन महिने मिळवा. डिसेंबरचं वचन देऊ नका.

मराठी वाचकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. किकस्टार्टरवर भारतातून पैसे लावता येतात, पण मोहीम चालवायला चालणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या बँक खात्यावर ती चालवता येते. पुण्या-मुंबईत बसलेल्या शिल्पकाराने शिल्पाचं काम घेणं किंवा फाइली विकणं हा सरळ रस्ता.

पाठवणी

टपाल मोहिमेत आकारू नका, मोहिमेनंतर प्लेज मॅनेजरमध्ये (बॅकरांकडून पत्ते आणि उरलेले पैसे घ्यायच्या ऑनलाइन सोयीत) त्या वेळच्या दराने आकारा. पण अंदाजे तक्ता पानावर आधीच द्या. देशांचे नियम पाठवण्याच्या महिन्यात पुन्हा तपासा. युरोपीय संघात १५० युरोंपर्यंतच्या पार्सलचा व्हॅट आधीच गोळा करायची आयओएसएस सोय १ जुलै २०२१ पासून आहे. ती न घेतल्यास पोस्टमन बॅकरकडे कर आणि वर हाताळणीचा आकार मागतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, त्यामुळे जुन्या मोहिमांचे दर पाहून अंदाज बांधू नका.

पाकिटं भरताना इलेक्ट्रॉनिक काटा जवळ ठेवा. चार क्रॉसबोवाल्यांचं नमुना पाकीट तोला आणि बाकीची त्याच्याशी जुळवा. एक मिनी कमी असेल तर १७ ग्रॅमचा फरक लगेच दिसतो. सुटं डोकं मात्र ग्रॅमभरच असतं, तेवढा फरक तर धातूच्या ओतण्यातही पडतो. म्हणून डोकी आणि ढाली कारखान्यातच मूर्तीबरोबर पिशवीत भरून घ्या. तारेचे भाले खोक्याच्या लांब कडेला पुठ्ठ्यावर चिकटवा, नाहीतर ते पिशव्या फोडतात.

आधी वीस पार्सलं पाठवा, जवळची दहा आणि लांबची दहा, आणि पोचल्याचे फोटो मागवा. तलवारी वाकून पोचल्या असतील तर उरलेली दोनशेऐंशी पार्सलं बंद करण्याआधी ते कळेल.

तीन ते पाच टक्के मिनी जास्त ओतून ठेवा. ‘एक भालेकरी कमी आला’ असा संदेश आला की फोटोचे पुरावे मागत बसू नका, दुसऱ्या दिवशी मिनी टपालात टाका. साठ पेन्सच्या मूर्तीसाठी घातलेला वाद पुढच्या मोहिमेत दहा बॅकर कमी करतो. उरलेला माल दुकानात लावा, पण शेवटच्या बॅकरचं पार्सल निघाल्यानंतर.